झाकणावर एक नाव, पडद्यावर दुसरं

२०१२च्या जूनमध्ये अ‍ॅपलने ‘रेटिना’ पडद्याचा पंधरा इंची मॅकबुक प्रो बाजारात आणला. पडद्यावर आडवे २८८० आणि उभे १८०० ठिपके. लॅपटॉपवर इतकी रेखीव अक्षरं तोवर बहुतेकांनी पाहिली नव्हती. पण थोड्याच दिवसांत काही ग्राहकांना एक विचित्र गोष्ट जाणवू लागली. एखादी खिडकी बराच वेळ उघडी ठेवून बंद केली, की तिची पुसट सावली मागे उरायची आणि मग हळूहळू विरायची. दुसऱ्या एखाद्याच्या तशाच यंत्रावर मात्र असलं काही नाही. किंमत तीच, मॉडेल तेच, खोकंही तेच. पुढे कुणीतरी पडद्याचा क्रमांक वाचण्याची एका ओळीची आज्ञा शोधून काढली आणि उलगडा झाला. काही यंत्रांत एलजीचं पॅनेल होतं, काहींत सॅमसंगचं. सावलीच्या तक्रारी प्रामुख्याने एलजीच्या पॅनेलबद्दल होत्या. मार्च २०१३मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात एका ग्राहकाने सर्वांच्या वतीने दावा लावला. पॅनेल सदोष आहे एवढंच त्याचं म्हणणं नव्हतं. दोन कंपन्यांचे वेगळ्या गुणांचे पडदे एकाच नावाने, एकाच किमतीला, ग्राहकाला काही न सांगता विकले, हा त्याचा खरा मुद्दा होता.

लॅपटॉपच्या जाणकारांमध्ये या प्रकाराला ‘पॅनेल लॉटरी’ म्हणतात आणि ती एकट्या अ‍ॅपलपुरती नाही. डेल, एचपी, लेनोवो, एसर, आसुस यांपैकी कुणीही लॅपटॉपच्या पडद्याची काच स्वतःच्या कारखान्यात घडवत नाही. ती येते तैवानच्या एयू ऑप्ट्रॉनिक्स किंवा इनोलक्सकडून, चीनच्या बीओईकडून, कोरियाच्या एलजी डिस्प्लेकडून, जपानच्या शार्पकडून. लग्नपत्रिकेवर यजमानाचं नाव असतं, भटारखान्यात आचारी कोण आहे हे पंगतीत बसलेल्याला ठाऊक नसतं. लॅपटॉप कंपनी पुरवठादारांना अटींचा एक तक्ता देते. त्यात पडदा किती उजळ हवा, किती जाड चालेल, जोडणी कुठे हवी हे लिहिलेलं असतं. त्या तक्त्यात बसेल ते पॅनेल पास. शिवाय या तक्त्यात ‘सर्वसाधारण’ आकड्याबरोबर ‘किमान’ आकडाही असतो, आणि तो बऱ्याचदा पंधरा-वीस टक्क्यांनी खाली असतो. जाहिरातीत अर्थातच पहिला छापतात.

दोन-तीन पुरवठादार ठेवण्यामागे लबाडीपेक्षा नाइलाज अधिक आहे. पॅनेल हा लॅपटॉपमधला महागड्या भागांपैकी एक, आणि त्याचे भाव कांद्याच्या वरताण चढतात-उतरतात. साडेआठव्या पिढीच्या कारखान्यात काचेचा एक ताव सव्वादोन मीटर बाय अडीच मीटर एवढा असतो; त्यातून साडेपंधरा इंची पडदे साधारण सत्तर निघतात. एवढा अवाढव्य कारखाना थांबवून ठेवणं परवडत नाही, म्हणून मागणी असो-नसो तो पूर्ण क्षमतेने चालतो, माल साचतो, भाव कोसळतात. मग कुणीतरी उत्पादन आवरतं आणि भाव पुन्हा उसळतात.

या चक्रावर उतारा म्हणून कंपन्यांनी एकदा थेट संगनमत केलं. २००१पासून सुमारे पाच वर्षं कोरियन आणि तैवानी कंपन्यांचे अधिकारी ताइपेमधल्या हॉटेलांत नियमितपणे भेटत आणि भाव ठरवत. या बैठकांना त्यांनी ‘क्रिस्टल मीटिंग’ असं गोड नाव दिलं होतं. प्रकरण फुटल्यावर २००८मध्ये एलजी, शार्प आणि तैवानची चुंगहा यांनी अमेरिकेत गुन्हा कबूल करून एकूण ५८ कोटी ५० लाख डॉलर भरले. शार्प त्या बैठकांना जात नसे, पण डेल आणि अ‍ॅपलसारख्या गिऱ्हाइकांसाठी भाव संगनमताने ठरवल्याचं तिने मान्य केलं. एयू ऑप्ट्रॉनिक्स खटला लढली आणि हरली. तिला २०१२मध्ये ५० कोटी डॉलरचा दंड झाला. युरोपने २०१०मध्ये वेगळी कारवाई केली. तिथे सॅमसंगने सगळी माहिती आधीच उघड केल्याने ती दंडातून सुटली. आणि धंदा कसा चालतो पाहा: २०१५मध्ये डेलचा एक्सपीएस १३ ज्या बारीक कडांच्या पडद्यामुळे गाजला, तो पडदा शार्पचाच होता.

पडद्यापडद्यांत फरक नेमका कशाचा असतो? एलसीडी पडद्यातले द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. मागे एलईडीचा पांढरा उजेड असतो, पुढे लाल-हिरव्या-निळ्या गाळण्या असतात, आणि मधले द्रवस्फटिक विजेच्या इशाऱ्यावर वळून उजेड अडवतात किंवा सोडतात. हा पदार्थ प्रथम लक्षात आला तो १८८८मध्ये प्रागच्या फ्रीडरिख रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या. गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करताना त्याला एक संयुग १४५ अंशांना वितळून गढूळ होताना आणि १७८ अंशांना नितळ होताना दिसलं. त्याचा पडद्यासाठी उपयोग करणारी ‘टीएन’ पद्धत १९७०च्या सुमारास बाझलच्या हॉफमन-ला रॉश या औषध कंपनीत घडली. टीएन स्वस्त आणि चपळ. दोष असा, की खालून पाहिलं तर रंग उलटतात आणि वरून पाहिलं तर फिके पडतात. १९९०च्या दशकाच्या मध्यावर हिताचीने ‘आयपीएस’ आणली. तिच्यात रेणू काचेच्या पातळीतच फिरतात, त्यामुळे बाजूने पाहिलं तरी चित्र टिकतं.

टीएनचा हा दोष कमी करण्यात भारतातल्या एका शोधाचा हात आहे, आणि त्याचा धागा नागपूरपर्यंत जातो. नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. झालेले शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांचे भाचे. तोवर माहीत असलेल्या द्रवस्फटिकांचे रेणू काडीच्या आकाराचे होते. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी सदाशिव व सुरेश यांनी १९७७मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रवस्फटिक बनतात हे दाखवून दिलं. अशा चकती-रेणूंचा थर असलेली फिल्म जपानच्या फुजीने नव्वदच्या दशकात काढली. ती चिकटवली, की टीएन पडदा कडेनेही बऱ्यापैकी दिसू लागतो. कचेऱ्यांमधल्या लक्षावधी मॉनिटरांवर ही फिल्म होती. तिच्या मुळाशी असलेल्या शोधाचं नाव आपल्याकडे किती जणांना सांगता येईल, कोण जाणे.

आज खोक्यावर ‘आयपीएस’ छापलेलं असलं, तरी एयू ऑप्ट्रॉनिक्स आपल्या पद्धतीला ‘एएचव्हीए’ म्हणते, सॅमसंग ‘पीएलएस’ म्हणत असे आणि बीओई ‘एडीएस’. बीओईची कथा तर कादंबरीला पुरेल अशी. बीजिंगच्या एका सरकारी व्हॅक्यूम ट्यूब कारखान्यातून १९९३मध्ये उभी राहिलेली ही कंपनी. कोरियाच्या ह्युंदाई समूहाचा पडदा-विभाग, पुढचं नाव हायडिस, तिने २००३मध्ये विकत घेतला. आयपीएसची सुधारित आवृत्ती या हायडिसनेच बनवली होती. हायडिस काही वर्षांत दिवाळखोरीत गेली, विद्या मात्र बीजिंगला पोचली.

या कंपन्यांची ओळख पडद्याच्या क्रमांकातच दडलेली असते, आणि ती वाचता येणं हे ग्राहकाच्या हातातलं सर्वात कामाचं हत्यार आहे. ‘एलपी’ने सुरू होतो तो एलजीचा, एलजी-फिलिप्स ही भागीदारी २००८मध्ये मोडीत निघून एलजी डिस्प्ले झाली, अक्षरं राहिली. ‘एलक्यू’ शार्पचा, ‘एलटीएन’ सॅमसंगचा जुना एलसीडी, ‘एटीएनए’ सॅमसंगचा ओएलईडी. ‘एटीएनए’ सोडला तर पुढचे तीन आकडे म्हणजे इंच: १५६ म्हणजे १५.६, १४० म्हणजे १४. एयू ऑप्ट्रॉनिक्सचा ‘बी१५६एचटीएन’ असेल तर तो टीएन, ‘बी१५६एचएएन’ असेल तर रुंद कोनाचा. बीओईचा ‘एनटी१५६’ टीएन, ‘एनव्ही१५६’ रुंद कोनाचा. इनोलक्सचा ‘एन१५६एचजीई’ टीएन, ‘एन१५६एचसीई’ आयपीएस. विंडोजमध्ये इनोलक्सचा पडदा ‘सीएमएन’ म्हणून दिसतो. त्यात इनोलक्समध्ये २०१०ला विलीन झालेल्या ची मेई कंपनीचं नाव जिवंत आहे. ची मेईचे संस्थापक शी वेन-लुंग यांनी प्लास्टिक आणि पडद्यांतून मिळवलेला पैसा स्ट्रॅडिव्हेरियससारख्या दुर्मिळ व्हायोलिनांवर लावला. ताइनानमधल्या त्यांच्या संग्रहालयात तो संग्रह आहे.

मग सर्वोत्तम कंपनी कोणती? हा प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारलेला आहे. उत्तम आणि सुमार दोन्ही प्रकारचा माल प्रत्येक कारखान्यातून निघतो. एकाच बीओईचा एक पडदा छायाचित्रकाराने डोळे मिटून घ्यावा असा असतो, दुसरा शाळेच्या लॅपटॉपमध्येही फिका वाटेल असा. दोघांमधला फरक बहुधा गाळणीत आणि मागच्या उजेडात असतो.

स्वस्त लॅपटॉपच्या तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ असा एक आकडा बारीक अक्षरांत असतो. एनटीएससी म्हणजे अमेरिकेने १९५३मध्ये रंगीत टीव्हीसाठी ठरवलेला रंगांचा पट्टा. संगणकावर आज चालणारा एसआरजीबी हा पट्टा १९९६मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने ठरवला. तो एनटीएससीच्या सुमारे ७२ टक्के भरतो. म्हणजे ४५ टक्केवाला पडदा वेबवरच्या नेहमीच्या चित्रातले जेमतेम ६३ टक्के रंग दाखवतो. लाल केशरीकडे झुकतो, जास्वंद विटकरी दिसतं. कारखान्याला हे परवडतं, कारण गाळणी फिकी केली की उजेड जास्त पार होतो, कमी एलईडींत काम भागतं आणि बॅटरीही वाचते. पत्रव्यवहार आणि हिशेब यापलीकडे काही नसेल तर तक्रारीचं कारण नाही. पैठणीचे किंवा दागिन्यांचे फोटो त्या पडद्यावर दुरुस्त करून ऑनलाइन दुकानात चढवणाऱ्याने मात्र ग्राहकाचे ‘रंग वेगळा निघाला’ असे फोन घ्यायची तयारी ठेवावी. लेनोवो आपल्या तपशीलपत्रात हा आकडा छापते. काही कंपन्या तेवढीही तसदी घेत नाहीत आणि ‘चित्तवेधक रंग’ लिहून मोकळ्या होतात.

वेगाचीही तशीच गंमत. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर दर सात मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं. पण ठिपक्याला रंग बदलायलाच वीस-तीस मिलिसेकंद लागत असतील, तर चित्रं एकमेकांवर सांडतात आणि पळणाऱ्या पात्रामागे धूसर शेपूट दिसते. २०२०च्या आसपास परवडणाऱ्या गेमिंग लॅपटॉपमधल्या पांडा या चिनी कंपनीच्या पॅनेलांची चाचणी करणाऱ्यांकडून यासाठीच भरपूर खरडपट्टी निघाली. पांडाचे नानजिंग आणि छंगदूचे कारखाने पुढे बीओईने घेतले.

ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्यामुळे काळा खरोखर काळा दिसतो. खोट आहे ती उजेड कमी करण्याच्या रीतीत. सॅमसंगचे लॅपटॉपचे अनेक पडदे मंद प्रकाशात सेकंदाला २४० वेळा उघडझाप करतात. बहुतेकांना ते जाणवत नाही. काहींचं तासाभरात डोकं दुखू लागतं. दुकानात पाच मिनिटं बघून हे कळत नाही, तेव्हा चाचण्यांतले आकडे पाहिलेले बरे. २०२४मध्ये एलजीने प्रकाशाचे दोन थर एकावर एक रचलेला ‘टँडम’ ओएलईडी लॅपटॉपसाठी काढला आणि तो प्रथम डेलच्या एक्सपीएस १३मध्ये बसला. सॅमसंगने तर २०२२मध्ये एलसीडी बनवणं सोडूनच दिलं. तिचा सूझौचा कारखाना चिनी टीसीएल समूहाकडे गेला, पुढे एलजीच्या ग्वांगझौच्या कारखान्याचाही सौदा टीसीएलशीच झाला. एलसीडीचा धंदा जपानकडून कोरिया-तैवानकडे आणि तिथून चीनकडे असा पस्तीसेक वर्षांत सरकला. भारतात ही काच घडवण्याचा एक बेत २०१५-१६च्या सुमारास वेदान्त समूहाच्या ट्विनस्टारने नागपूरजवळ बुटीबोरीसाठी जाहीर केला होता. तो कागदावरच राहिला.

काच आपली नसली तरी ती बदलणारे हात भरपूर आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फुटलेला लॅपटॉप घेऊन गेलं, की कारागीर कंपनी विचारत नाही. तो विचारतो, ‘पेपर की नॉर्मल? तीस पिन की चाळीस?’ पेपर म्हणजे पातळ एलईडी पॅनेल, नॉर्मल म्हणजे जुनं जाड. तीस पिनांची जोडणी बहुतेक साध्या फुल एचडी पडद्यांना असते. जुन्या एचडी एलईडीला चाळीस असत, आणि आता जास्त हर्ट्झच्या किंवा टचच्या पॅनेलांनाही चाळीसच असतात, पण या दोन चाळिशी एकमेकींच्या जागी चालत नाहीत. एवढं जुळलं, कडेच्या पट्ट्या जुळल्या, की एका कंपनीच्या जागी दुसरीचं पॅनेल बसतं. याच वाटेने काही जण जुन्या लॅपटॉपचा टीएन काढून आयपीएस बसवून घेतात, आणि याच वाटेने बेसावध गिऱ्हाइकाच्या आयपीएसच्या जागी टीएन येतो. म्हणून यंत्र हातात द्यायच्या आधी एचडब्ल्यूइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅमने पडद्याचा क्रमांक बघून लिहून ठेवावा, आणि नवं पॅनेल बसवण्यापूर्वी त्याच्या पाठीवरचा स्टिकर दाखवायला सांगावं. नवा लॅपटॉप ऑनलाइन मागवला असेल, तर परतीची मुदत संपायच्या आत हेच करावं.