दीड लाखात जुनी कार घेताय? रंग नंतर, आधी आरसी बघा

वाळूजला रोज दुचाकीवरून जाणाऱ्याला पावसाळ्यात कार हवीशी वाटतेच. बजेट दीड लाखाचं असेल तर समोर येतात त्या बहुतेक बारा-चौदा वर्षांच्या गाड्या. गफलत इथेच होते. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. २०११ची गाडी २०२६मध्ये पुनर्नोंदणीला जाते. म्हणजे आरटीओत तपासणी, शुल्क, वर पर्यावरण कर. हा खर्च धरूनच भाव करा.

‘एमएच २०’ऐवजी दिल्लीची डिझेल कार स्वस्तात मिळतेय? हरित लवादाने २०१५मध्ये तिथे १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी आणली, स्वस्ताईचं एक कारण ते. इथे आणायची तर एनओसी आणि महाराष्ट्राचा कर वेगळा.

गाडी सकाळी, इंजिन थंड असतानाच बघा. मालकाने आधीच सुरू करून ठेवली असेल तर मला शंका येते. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर कूलंट मिसळत असण्याची शक्यता. मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून कर्जाचा बोजा आणि विमा तपासा, थकीत ई-चलानही. फॉर्म २९ आणि ३०वर सह्या झाल्या की विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या.