कपाळावरची आठी

मागच्या रमजानमधली गोष्ट. मोहल्ल्याच्या इफ्तारला शहरातली चार वजनदार माणसे आली होती. त्यांच्यासाठी पांढरे कापड घातलेल्या खुर्च्या, बाकीच्यांसाठी सतरंजी. रोजा सुटायला वेळ होता, म्हणून मी त्यांच्याजवळ बसून एका अभ्यासाविषयी सांगत होतो. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी तो २००७ साली प्रसिद्ध केला. खासगी नोकऱ्यांच्या वर्तमानपत्रांतील जाहिराती पाहून ४,८०८ अर्ज पाठवले गेले. पात्रता सारखी, फरक फक्त नावात. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. हे अधिकारी म्हणत, आम्ही गुणवत्ताच पाहतो. आणि उमेदवाराला विचारत काय, तर घरी कोण कोण आहे, वडील काय करतात!

पाहुणे माना डोलावत होते. त्यांनी मनावर घेतले तर मोहल्ल्यात मुलांसाठी अभ्यासिका होईल, असा माझा हिशोब. तेवढ्यात पंक्चरच्या दुकानात काम करणारा एक मुलगा कागद घेऊन मागे उभा राहिला. "चाचा, जरा ये फॉर्म देखते क्या? कल आखरी तारीख है." मी पुरते वळूनही पाहिले नाही. "बाद में आ बेटा, मेहमान बैठे हैं." तो नंतर आला नाही, आणि खरे सांगायचे तर मीही विसरलो.

रमजानच्या रात्री तरावीहच्या नमाजमध्ये संपूर्ण कुरआन क्रमाने ऐकवला जातो. महिना सरत आला की शेवटचा, तिसावा भाग येतो. त्यातली 'अबस' ही ८०वी सूरह सुरू झाली आणि मला तो मुलगा आठवला.

'अबस' म्हणजे त्याने कपाळाला आठी घातली. प्रसंग मक्केतला. प्रेषित मुहम्मद (स.) कुरैश टोळीच्या सरदारांशी बोलत होते. हे सरदार वळले तर सारी मक्का वळेल, अशी आशा त्यामागे होती. त्यात वावगे काय? तेवढ्यात अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम हे अंध गृहस्थ आले आणि मला शिकवा म्हणू लागले. मध्येच बोलणे तोडले गेले, म्हणून प्रेषितांच्या कपाळाला आठी पडली, त्यांनी तोंड फिरवले. अंध माणसाला ती आठी दिसलीही नसेल. तरी ईश्वराने प्रेषितांना टोकले: ज्याला काही नको त्याच्या मागे तुम्ही लागता, आणि जो ओढीने धावत आला त्याच्याकडे दुर्लक्ष करता. हे बोल झाकून ठेवले गेले नाहीत. प्रेषितांनी स्वतःच ते लोकांना ऐकवले.

पुढे हेच अब्दुल्लाह मदिनेला गेले, तेही सुरुवातीच्या मोजक्या लोकांबरोबर, तिथल्यांना कुरआन शिकवायला. प्रेषित बाहेरगावी जात तेव्हा मदिनेची जबाबदारी अनेकदा त्यांच्यावर सोपवत. रमजानच्या पहाटे तिथे दोन अजान होत. पहिली बिलाल (रजि.) यांची. ते मूळचे हबशी, गुलामीतून सुटलेले. ती अजान रात्र असतानाच होई, म्हणून प्रेषितांनी सांगून ठेवले होते की बिलालची अजान झाली तरी खात-पीत राहा, इब्न उम्मे मक्तूमची झाली की थांबा. ज्याला पहाट दिसत नाही त्याच्याकडे पहाट झाल्याचे सांगायचे काम! लोक येऊन त्यांना सांगत, उजाडले. मग ते अजान देत आणि अख्ख्या मदिनेचा रोजा सुरू होई.

आज कागदावरचे नाव पाहून अर्ज बाजूला सारणाऱ्याचा मला राग येतो, तो येणारच. पण त्या संध्याकाळी मी तर कागदही पाहिला नव्हता.

अभ्यासिका अजून झालेली नाही. मुलगा त्याच दुकानात आहे. परवा स्कूटर घेऊन गेलो होतो. त्याने ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे निघाले ती जागा अंगठ्याने धरली आणि म्हणाला, "चाचा, दो जगह से गई है." फॉर्मचे काय झाले, हे विचारायला माझी जीभ उचलली नाही.