दीड इंचाची वीस वर्षं

मुंबईतल्या शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली. त्याच महिन्यात मी 1985 सालची एक पांढरी पद्मिनी हौसेने विकत घेतली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचं आयुष्य, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. माझी गाडी राहिली. या वीस वर्षांत मी गाडीला काय काय केलं, ते आठवायला बसलो, तर प्रत्येक आठवणीच्या कडेला एक टॅक्सी उभी दिसते.

ही गाडी मुळात 1953 ची इटालियन फियाट 1100. तिचं सुधारित रूप 1964 पासून कुर्ल्यात ‘डिलाइट’ म्हणून बनू लागलं आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी झालं. 1089 सीसीचं इंजिन, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे कमानपाटे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि इंजिनाच्या डोक्याशी एक साधा सोलेक्स कार्बोरेटर. बॉनेट उघडलं की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. अशा गाडीला हात लावायचा मोह न होणं कठीणच.

पहिला मोह गाडी खाली बसवण्याचा. शर्यतीच्या गाड्यांचे फोटो पाहून माझ्या मनात ते भरलं होतं. गाडीचा भार खाली आला की वळणावर ती कमी कलते, हे खरं. पण मला हवं होतं ते दिसणं, हे आज कबूल करायला हरकत नाही. 2004 च्या उन्हाळ्यात भायखळ्याच्या एका गल्लीत, जिथे दिवसाला दहा टॅक्सी दुरुस्त व्हायच्या, तिथे मी गाडी नेली. तिथले मिस्त्री सातारकडचे, त्यांना सगळे मामा म्हणत. डिकीत गॅसची टाकी आणि वर प्रवाशांचं सामान, यामुळे बसलेल्या टॅक्सीला ते जादा पाटा टाकून मागून वर उचलत होते. माझं म्हणणं ऐकून ते हसले. “अहो, लोक धंद्याची गाडी उचलून घ्यायला येतात. तुम्ही चांगली उभी गाडी खाली बसवताय.”

तरी त्यांनी काम केलं, आणि नीट केलं. पुढच्या स्प्रिंगचा सव्वा वेढा कमी केला तो ग्राइंडरने. गॅसकटरची आच लागली की स्प्रिंगचं पाणी उतरतं आणि ती वर्षभरात बसते, हे मला तेव्हा कळलं. मागे पाटा काढायला त्यांनी साफ नकार दिला. पाटा कमी झाला की भार सोसत नाही आणि क्लच सोडताना ॲक्सल पिळला जातो. त्याऐवजी ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये दीड इंचाचे लोखंडी ठोकळे घालून लांब यू-बोल्टने आवळले. संध्याकाळी गाडी दीड इंच खाली होती आणि मी जमिनीपासून दीड वीत वर.

हिशेब पुढच्या वर्षभरात चुकता झाला. स्प्रिंग कापली की ती नुसती आखूड होत नाही, कडकही होते. प्रत्येक खड्डा सरळ पाठीत यायचा. चाकं वरून आत कलल्यामुळे पुढच्या टायरांची आतली कड आठ-नऊ हजार किलोमीटरमध्ये गुळगुळीत झाली. चौघं जण बसून पुण्याला निघालो, तर पनवेलपर्यंतच्या एकाही स्पीडब्रेकरने सायलेन्सरला मोकळं सोडलं नाही. आमच्या सोसायटीच्या उतारावर तर गाडी तिरकी घालूनच चढवावी लागायची. वॉचमन रोज हे बघायचा आणि रोज काहीच बोलायचा नाही.

कार्बोरेटरची गोष्ट वेगळी. तिथे मामांनी मला हात लावू दिला, पण सगळ्यात शेवटी. आधी टॅपेट, मग पॉइंटचा गॅप, मग प्लग, मग टायमिंग. यातलं एकही चुकलं असेल तर कार्बोरेटरला शिव्या देऊन उपयोग नाही. मग इंजिन पूर्ण गरम करायचं, चोक आत. मिक्श्चरचा स्क्रू हळूहळू आत फिरवायचा, इंजिन अडखळेपर्यंत. मग बाहेर, पुन्हा अडखळेपर्यंत. दोन्हीच्या मध्ये एक जागा येते, जिथे आवाज भरून येतो आणि बॉनेटवर ठेवलेला चहाचा ग्लास थरथरायचा थांबतो. ती जागा सापडली की स्लो थोडा कमी करायचा. खात्री करायला चक्कर मारून प्लग काढून बघायचा: काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी, आणि बिस्किटाच्या रंगाचा असेल तर ठीक.

मामांचा कान टॅक्सीने तयार केलेला होता. टॅक्सीवाल्याला हवं ॲव्हरेज. गाडी धापा टाकणार नाही इतपतच पेट्रोल द्यायचं, हा त्यांचा धर्म. मला हवा होता पिकअप, म्हणून मी मोठा जेट मागितला. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात: 120 म्हणजे 1.20 मिमी. त्यांनी मोठा जेट बसवून दिला, पण जुना कागदात गुंडाळून डॅशबोर्डच्या खणात ठेवला. महाबळेश्वरच्या घाटात तो कामी आला. सुमारे 1,350 मीटर उंचीवर हवा विरळ. आधीच जास्त असलेलं पेट्रोल तिथे आणखी जास्त झालं आणि गाडी काळा धूर सोडत गुदमरू लागली. वेण्णा तलावाजवळ जेट बदलला, तेव्हा मामांचा कागद अजून घडी न मोडलेला होता.

तोवर बहुतेक टॅक्सी गॅसवर गेल्या होत्या. त्यांच्या कार्बोरेटरमधून हवा जायची, पण जेट बिनकामाचे पडून. तार घालून मोठी न झालेली भोकं असलेले असे जेट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मला किरकोळीत मिळायचे. टॅक्सी भंगारात निघू लागल्या, तेव्हा तर दारं, काचा, फ्लोट, पेट्रोल पंप यांचा महापूर आला. मी भरपूर घेऊन ठेवलं. हा महापूर म्हणजे आटत्या विहिरीचा शेवटचा उपसा आहे, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

मग 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी चालणार नाही. नोंदणीचं नूतनीकरण तोंडावर होतं. मी नव्या पुढच्या स्प्रिंग शोधल्या, ठोकळे काढले आणि गाडी पुन्हा दीड इंच उचलली. कायद्याचं निमित्त झालं, हे घरात कोणी बोललं नाही. पण त्या रात्री सोसायटीचा उतार सरळ चढताना वॉचमनने पहिल्यांदा सलाम ठोकला.

पेट्रोलही बदलत गेलं. 2003 मध्ये महाराष्ट्रात 5 टक्के इथेनॉल आलं, 2022 मध्ये देशभरात ते 10 टक्क्यांवर गेलं आणि 2023 पासून 20 टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, म्हणून त्याच जेटमधून जाणारं मिश्रण पातळ पडतं. शिवाय जुनी रबरं फुगतात. ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा दोनदा बदलावा लागला. प्लग पांढरा यायला लागला, तेव्हा मामांची गल्ली गाठली. तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. मामा गावी गेलेले.

घरी येऊन टॅपेटपासून सुरुवात केली. एक नंबर मोठा जेट लावला, इंजिन गरम केलं, बॉनेटवर चहाचा ग्लास ठेवला. मला जेवढं येतं, ते धंद्याच्या गाड्यांवर पोट भरणाऱ्या माणसांकडून आलं. त्यांच्या गल्लीत दहा टॅक्सी उभ्या होत्या, म्हणून अकरावी माझी उभी राहू शकली. ग्लास थांबायला त्या दिवशी पाऊण तास लागला; मामांना पाच मिनिटं लागायची.

ते दोन ठोकळे अजून आहेत. सोसायटीच्या उतारावर गाडी लावली की मागच्या चाकांना तेच लावतो.