‘तहानच नाही गं’

मे महिन्यातली दुपार. जळगावच्या घरात कूलर घरघरत होता, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिवईवर माठ, माठावर पालथं घातलेलं फुलपात्र. आईचा पलंग तिथून सात-आठ पावलांवर. जेवताना तिनं दोन घास खाऊन ताट बाजूला सारलं होतं. चार वाजता चहाला हाक मारली, तर तिनं मला मावशीच्या नावानं ओ दिली. वार कोणता, तेही सांगता येईना. अर्धांगाचा झटका असेल या भीतीनं आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जीभ बघितली. कोरडी ठणठणीत, मधोमध भेगा. मग विचारलं, “सकाळपासून लघवीला किती वेळा गेल्या?” घरातल्या चौघांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं.

सलाइन लागलं आणि रात्रीपर्यंत आई भानावर आली. दिवसभरात प्रत्येकानं तिला विचारलं होतं, “आई, पाणी देऊ का?” आणि प्रत्येकाला तिनं एकच उत्तर दिलं होतं, “तहानच नाही गं.”

ती खरंच बोलत होती, हे कळायला मला वेळ लागला.

तहान घशाला लागते असं आपण म्हणतो, पण तिचा हिशेब मेंदू ठेवतो. रक्तातल्या नको त्या गोष्टी मेंदूत शिरू नयेत म्हणून त्याच्याभोवती एक तटबंदी असते. मेंदूच्या आतल्या भागात दोन-तीन लहानशा जागा मात्र या तटबंदीच्या बाहेर आहेत, त्यांचा रक्ताशी थेट संबंध येतो. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातले क्षार दाटतात आणि तिथल्या पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं. पेशी आकसतात. हे आकसणं म्हणजेच इशारा. रक्ताचा दाटपणा नुसता एक-दोन टक्क्यांनी वाढला तरी तो मिळतो. लगेच दोन कामं सुरू होतात. आपल्याला तहान लागते, आणि व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगतं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं रक्तात परत घेतात. टंचाई असली की आणखी थोडं परत घेतात, म्हणून उन्हाळ्यात लघवी गर्द पिवळी होते.

याहून मला नवल वाटतं ते तहान भागण्याचं. प्यायलेलं पाणी रक्तात पुरतं मिसळायला दहा-पंधरा मिनिटं तरी जातात, पण उन्हातून आलेल्या माणसाचा जीव पहिल्या चार घोटांतच थंडावतो. झॅकरी नाइट यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेनं २०१६ साली उंदरांच्या मेंदूतल्या तहानेच्या पेशींवर नजर ठेवली. उंदीर पाणी प्यायला लागताच, म्हणजे रक्तात काहीही बदलायच्या आत, त्या पेशी शांत होत गेल्या. तोंडाला नुसता गारवा लागला तरी त्यांची धग उतरली. फ्रिजमधल्या बाटलीचे दोन घोट घेऊन आपण ती खाली ठेवतो तेव्हा तहान गेलेली असते, तूट भरलेली असतेच असं नाही.

तरुण, धडधाकट माणसाचं यानं फारसं बिघडत नाही. थोड्या वेळानं त्याला पुन्हा तहान लागते आणि तो पुन्हा पितो. म्हणून रोज आठ ग्लास मोजत बसायची त्याला गरज नाही, असं माझं मत आहे. वरण, भात, ताक, कलिंगड, अगदी चहातलंसुद्धा पाणी शरीराच्या खात्यात जमा होतच असतं. काळजी करायची ती म्हाताऱ्या माणसांची.

१९८४ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सात तरुण आणि सात वयस्क, पण निरोगी पुरुषांना चोवीस तास पाण्याविना ठेवलं. वयस्कांचं रक्त चांगलंच दाट झालं होतं, तरी त्यांना तरुणांइतकी तहान जाणवली नाही, तोंडही तितकं कोरडं वाटलं नाही. पुढे हवं तेवढं पाणी समोर ठेवलं, तेव्हाही ते कमीच प्यायले. त्यात उतारवयात स्नायू झिजतात, आणि शरीराचं बरंचसं पाणी स्नायूंतच असतं. मूत्रपिंडांची पाणी राखायची ताकदही उतरते. साठा कमी, गळती जास्त, आणि इशारा देणाराच मुका. खानदेशातल्या कोरड्या हवेत घाम आला कधी आणि वाळला कधी तेही कळत नाही. आईचं लुगडं दिवसभर कोरडंच होतं.

शिवाय एक कारण तिनं नंतर, जरा संकोचत सांगितलं. गुडघे दुखतात, रात्री उठायला नको म्हणून ती संध्याकाळपासून पाणी टाळत होती. आम्हाला याचा पत्ताही नव्हता. अशी किती घरं असतील! रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर धोका आणखी वाढतो.

हाताची कातडी चिमटीत धरून पाण्याची कमतरता ओळखता येते असं ऐकलं असेल, पण वयानं कातडी सैल झालेली असते, तिच्यावर विसंबू नका. जीभ बघा, लघवीचा रंग आणि खेपा विचारा, आणि एकाएकी आलेली गुंगी किंवा असंबद्ध बोलणं ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नका. उलट्या टोकालाही जाऊ नका. बेसुमार साधं पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस तसाच बरळायला लागतो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आमच्याकडे आता पाणी देऊ का, असं कुणी विचारत नाही. सकाळी तांब्या भरून आईच्या उशाशी ठेवतो. गोळ्यांबरोबर भांडंभर, अकराला ताक, दुपारी उठली की पुन्हा भांडंभर. बरंचसं पाणी संध्याकाळी पाचच्या आत होतं, म्हणजे रात्री फार उठावं लागत नाही. “अगं, आत्ताच तर प्यायले,” असं ती रोज म्हणते, आणि भांडं तोंडाला लावते. मी शेजारी बसून राहते. पाचला तांब्या हलवून बघते.