सोवळ्यातला कार्बन

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं आणि करंजीचा घाट ओलांडला, की थोड्याच वेळात तिसगाव येतं. इथून एक रस्ता शेवगावकडे जातो. जवळच मढी, वृद्धेश्वर, गर्भगिरीचे डोंगर. पाऊस बेताचा. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याच्या डोक्यात दोन आकडे कायम वेगवेगळे असतात: विहिरीला पाणी किती, आणि मोटार किती एच.पी.ची. मोठी मोटार बसवली म्हणून विहिरीतलं पाणी वाढत नाही. विहीर तुडुंब भरली म्हणून तीन एच.पी.ची मोटार पाचाचं पाणी फेकत नाही.

आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत ही फोड करता येत नाही. साठा आणि जोर एकाच डब्यात कोंबलेले असतात. साठा वाढवायचा तर आणखी एक अख्खी बॅटरी आणा. फ्लो बॅटरी मात्र थेट विहीर-मोटारीच्या हिशेबाने चालते. दोन टाक्यांत दोन द्रावणं, दोन छोटे पंप, आणि मधे सेलांची एक थप्पी, तिला स्टॅक म्हणतात. टाक्या म्हणजे विहीर, स्टॅक म्हणजे मोटार. रात्र मोठी असेल तर टाक्या मोठ्या घ्या, स्टॅकला हात लावायचं कारण नाही.

हे तिसगावला कशाला? रात्री बॅटरी हातात धरून, साप-बिबट्याच्या धाकात पाणी धरायला जाणाऱ्याला विचारा. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. तिचा सुरुवातीचा प्रकल्प याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला उभा राहिला. पण ऊन मावळतंच. मावळल्यानंतरची वीज कुठेतरी भरून ठेवावी लागते. पाच एच.पी.ची मोटार आठ तास चालवायला साधारण ३० ते ३५ युनिट लागतात. व्हॅनेडियमच्या फ्लो बॅटरीत लिटरमागे ढोबळमानाने २० वॉट-तास मावतात. म्हणजे घराच्या गच्चीवर असतात तशा हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या भरल्या, की एका रात्रीचं पाणी निघालं. मोबाइलच्या लिथियम बॅटरीपुढे हा साठा फारच विरळ आहे. पण शेतात टाकी खिशात घालून कोण फिरतंय?

व्हॅनेडियम हा धातू रंगेल आहे. १८०१ साली मेक्सिकोत देल रिओ याला तो प्रथम सापडला, तेव्हा क्षारांचे रंग बघून त्याने ‘पॅनक्रोमियम’, म्हणजे सर्वरंगी, असं नाव दिलं होतं. पुढे हा क्रोमियमच आहे, असं त्याला पटवून देण्यात आलं आणि बिचाऱ्याने दावा सोडला. १८३० साली स्वीडनच्या सेफस्ट्रॉमने तो पुन्हा शोधला आणि सौंदर्याच्या देवीचं, व्हॅनाडिसचं नाव त्याला दिलं. बॅटरीत हे रंग कामाला लागतात. रिकाम्या बॅटरीच्या एका टाकीत हिरवं द्रावण असतं, दुसरीत निळं. वीज भरू लागलं की हिरवं जांभळं होत जातं आणि निळं पिवळं. व्हॅनेडियमच्या अणूने एक इलेक्ट्रॉन घेतला किंवा सोडला, एवढाच त्याचा अर्थ. आणखी एक सोय म्हणजे दोन्हीकडे व्हॅनेडियमच असल्यामुळे सेलमध्ये दोन द्रावणांना वेगळं ठेवणाऱ्या पडद्यातून थोडं इकडचं तिकडे झिरपलं, तरी द्रावण कायमचं नासत नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-काझाकोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ही बॅटरी घडवली.

माझा जीव मात्र टाक्यांत नाही, स्टॅकच्या आतल्या एका काळ्या चिंधीत अडकला आहे.

इलेक्ट्रॉनची देवघेव होते ती या चिंधीवर. तिला कार्बनचा नमदा म्हणू. घोंगडीला उभे-आडवे धागे असतात. नमद्यात तंतू नुसते एकमेकांत गुंतवून दाबलेले. मूळ तंतू बहुतेक वेळा पॉलिॲक्रिलोनायट्राइलचा, म्हणजे बाजारात ‘लोकर’ म्हणून जे ॲक्रिलिक स्वेटर मिळतात त्यांच्याच घराण्यातला. तो आधी हवेत दोनशे-तीनशे अंशांवर भाजतात, म्हणजे पुढच्या आचेत तो वितळत नाही. मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर. नायट्रोजन, हायड्रोजन निघून जातात, उरतो जवळजवळ निव्वळ कार्बन. एकेक तंतू साधारण दहा मायक्रॉनचा, आपल्या केसापेक्षा कितीतरी पट बारीक. नमद्यात नव्वद टक्क्यांहून जास्त जागा पोकळ, त्यातून द्रावण वाहतं. आणि कार्बनच का, तर द्रावण गंधकाम्लाचं आहे. लोखंड-तांबं त्यात टिकायचं नाही. कार्बन टिकतो, वीज वाहतो आणि परवडतो.

फक्त एक खोड आहे. या नमद्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो आत शिरत नाही, अळवावरच्या पाण्यासारखा गोल होऊन बसतो. भट्टीने कार्बन इतका शुद्ध करून ठेवलेला असतो, की पाण्याला धरायला त्याच्या अंगावर काही उरलेलंच नसतं. आता पंपाने कितीही द्रावण ढकला, बरेच तंतू कोरडेच राहणार. विहीर भरलेली, मोटार चालू, पाट मात्र कोरडा.

यावर १९९२ साली सन आणि स्कायलास-काझाकोस यांनी जो उपाय प्रसिद्ध केला, तो वाचून मला आधी हसू आलं होतं. नमदा साध्या हवेत ४०० अंशांवर ३० तास तापवायचा. बस. ना महागडा लेप, ना सोनं-प्लॅटिनम. सेलची ऊर्जा-कार्यक्षमता ७८ टक्क्यांवरून ८८वर गेली. शंभर युनिट भरल्यावर अठ्ठ्याहत्तर परत मिळत होते, ते अठ्ठ्याऐंशी मिळू लागले, आणि मधे काय झालं तर चिंधी भाजली.

म्हणजे पाहा, आधी हवा बंद करून कार्बनला कडक सोवळ्यात बसवायचं, आणि मग मुद्दाम ऑक्सिजनला त्याला शिवू द्यायचं. कार्बनच्या थरांना जिथे कडा असतात, तिथे हा ऑक्सिजन चिकटतो. पाण्याला ऑक्सिजनची ओढ, त्यामुळे थेंब आता बसून राहत नाही, चटकन आत जिरतो. शिवाय व्हॅनेडियमच्या आयनाला टेकायला जागा मिळते. निळ्याचं पिवळं होताना त्याला एक ऑक्सिजन जास्तीचा लागतो; तो पृष्ठभागावरच्या या गटांतून हातोहात मिळतो, अशी मांडणी त्या संशोधकांनी केली. याशिवाय काही ठिकाणी कार्बन खरोखर जळून जातो आणि तंतूला बारीक खळगे पडतात, म्हणजे पृष्ठभागही वाढतो.

हे सगळं शेंगदाणे भाजण्याइतकंच नाजूक आहे. आच कमी पडली तर कच्चं. जास्त झाली तर कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, तंतू झिजून ठिसूळ होतात, आणि स्टॅकमध्ये नमदा दाबून बसवताना त्यांचा चुरा होतो. कढत गंधकाम्लात उकळणं, प्लाझ्माचा मारा असे दुसरे मार्गही आहेत. भट्टीची सर साधेपणात कुणाला नाही.

पण गोष्ट इथे सरळ संपत नाही, आणि मला ते आवडतं. अलीकडच्या काही प्रयोगांत असं दिसलं, की कार्बनवरचे ऑक्सिजनचे गट जांभळ्या-हिरव्या बाजूची देवघेव वेगवान करतात, पण निळ्या-पिवळ्या बाजूची उलट मंदावतात. मग फायदा नेमका कशाचा? गटांचा, की नमदा ओला झाल्याचा, की खळग्यांचा? या तिन्ही गोष्टी एकाच भट्टीत एकदम घडतात, त्यामुळे त्यांना वेगळं काढणं अवघड. तीस वर्षांहून जुनी पाककृती, चव सगळ्यांना मान्य, आणि मसाल्यावरून वाद चालूच.

वाद चालू असताना बॅटऱ्या मात्र उभ्या राहताहेत. चीनमधल्या दालियनला २०२२ साली चार लाख युनिट साठवणारी व्हॅनेडियम बॅटरी ग्रिडला जोडली गेली. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्रेटर नोएडाला एनटीपीसीच्या ‘नेत्रा’ या संशोधन केंद्रात ३,००० युनिटांची सुरू झाली.

तिसगावात अशी बॅटरी बसवायची म्हटली तर मला आणखी एका आकड्याची धास्ती वाटते. पिवळं द्रावण चाळीस अंशांच्या वर फार वेळ राहिलं, की त्यातलं व्हॅनेडियम साका होऊन खाली बसू लागतं आणि तोच साका नमद्याच्या पोकळीत अडकतो. अमेरिकेत पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेने गंधकाम्लात हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळून ही मर्यादा पन्नासच्या आसपास नेली आहे. पण साधं द्रावण असेल, तर नगर जिल्ह्यातला एप्रिल-मे त्याला झेपणार नाही. जो नमदा ४०० अंशांत तीस तास निवांत बसून आला, त्याच्या टाक्या इथे लिंबाच्या सावलीत ठेवाव्या लागतील.