श्वास मोजणारा धागा

भातशेती, पेंच नदीचा परिसर आणि लगतचे जंगल यांमुळे पारशिवनी भागात पावसाळ्यातील सर्पदंश नवीन नाही. त्यातही मण्यार विशेष दगा देते. जमिनीवर निजलेल्या माणसास ती रात्री चावते. दंशाच्या जागी सूज वा वेदना बहुधा नसतेच. काही तासांनी पापण्या जड होतात, गिळणे कठीण होते आणि मग श्वासाचे स्नायू थकू लागतात. अशा रुग्णाच्या उशाशी बसून परिचारिकेने रात्रभर श्वास मोजावेत, हाच आजवरचा खरा पहारा. बोटाला लावलेले ऑक्सिमीटर उपयुक्त असले तरी, प्राणवायू सुरू असताना ते उशिरा सावध करते.

हे काम एखादा धागा करू शकेल काय, अशी पृच्छा काही विश्वस्तांनी व देणगीदारांनी केली. त्याविषयी येथे थोडे सविस्तर लिहीत आहोत.

स्वयंपाकघरातील खटक्याच्या लायटरमध्ये एका स्फटिकावर आघात होतो आणि ठिणगी पडते. दाबातून वीज देण्याचा स्फटिकांचा हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखविला. १९५७ साली जपानमधील फुकादा व यासुदा यांना तो हाडातही आढळला. पुढे १९६९ साली कावाई यांनी पॉलिव्हिनिलिडिन फ्लोराइड या लवचीक प्लॅस्टिकमध्ये तो ठळकपणे दाखवून दिला. या प्लॅस्टिकच्या रेणूसाखळीत एका बाजूस फ्लोरिन, दुसऱ्या बाजूस हायड्रोजन अशी मांडणी साधली, की एक बाजू ऋण व दुसरी धन होते. साखळी वाकली की हा तोल ढळतो आणि पृष्ठभागावर विद्युतभार उमटतो.

ही मांडणी साधण्यासाठी प्लॅस्टिकचे द्रावण सुईतून सोडून हजारो व्होल्टच्या दाबाने ओढतात. केसाच्या शंभराव्या भागाहूनही बारीक तंतू निघतो आणि ताणला जाताना त्याच्या रेणूसाखळ्या पुष्कळशा एका दिशेस वळतात. द्रावणात बेरियम टायटनेट किंवा कार्बनच्या सूक्ष्म नळ्या मिसळल्यास प्रतिसाद वाढू शकतो. हाच संमिश्र तंतू. त्याची पट्टी छातीवर बांधली, की प्रत्येक श्वासागणिक पडद्यावर एक लाट उमटते. लाटा खुज्या होऊ लागल्या, तर छातीची हालचाल मंदावते आहे असे समजावे.

याच प्लॅस्टिकच्या साध्या पातळ पटलाचे पट्टे निद्रा-तपासणीत आजही वापरले जातात. तंतूंची साधने मात्र बव्हंशी प्रयोगशाळांतच आहेत. शिवाय रुग्ण कूस वळला वा खोकला तरी लाट उठते. आणि छाती हलते म्हणजे हवा आत जातेच असे नाही. घशात लाळ साचलेल्या रुग्णात हा फरक जीवघेणा ठरतो.

उलट बाजूने, वीज देऊन प्लॅस्टिक हलविण्याचेही प्रयत्न आहेत. २००५ साली अमेरिकेत अशा तीन यांत्रिक हातांशी एका शाळकरी मुलीने पंजा लढविला. तिन्ही हात हरले! कृत्रिम स्नायूंची आशा दाखविणाऱ्यांना आम्ही हा प्रसंग आवर्जून सांगतो.

सबब या साधनासाठी तूर्त देणगी मागावी असे आम्हास वाटत नाही. पावसाळ्यातील रात्रपाळीस आणखी एक परिचारिका, हाताने श्वास देण्याची पिशवी प्रत्येक कक्षात आणि प्रतिविषाचा पुरेसा साठा, याच आमच्या मागण्या आहेत.