काकांचे डोके का दुखायचे?

आमची बोट देवगड बंदरात असते. इंजिनाचे काम काका बघतात. गेल्या हंगामात काका समुद्रावरून आले की डोके धरून बसायचे. कधी ओकारीसुद्धा व्हायची. आजी म्हणाली, "कोणाची तरी नजर लागली." तिने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. पण काका वर वाऱ्यावर येऊन बसले की त्यांना हळूहळू बरे वाटते, हे बाबांच्या ध्यानात आले. ते म्हणाले, "धूर खंयतरी आत भरता."

इंजिनाचा धूर पाईपातून केबिनच्या टपावर बाहेर जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपले रक्त प्राणवायूपेक्षा २०० पटींहून जास्त जोराने त्याला धरून ठेवते. मग अंगाला प्राणवायू पुरत नाही. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण इंजिनखोली बंद असली तर तेवढाही पुरे होतो.

१ जूनपासून मासेमारी बंद. त्याआधीच, बोट पाण्यात असताना, आम्ही तपासणी केली. मी बॅटरी धरली. पाईपाच्या सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा दिसला. बाबांनी थंड इंजिन चालू करून सांध्याला लगेच साबणाचे पाणी लावले. भराभर बुडबुडे आले! पाईप तापला की पाणी उडून जाते, म्हणून हे पहिल्या मिनिटातच करायचे.

खाऱ्या हवेने बोल्ट गंजले होते. डिझेल सोडून रात्रभर ठेवले, तरी एक मोडलाच. तो काढायला मेकॅनिक आणावा लागला, त्यात एक दिवस गेला. आतले पॅकिंग जळून भुगा झाले होते. नवे पॅकिंग उष्णता सोसणारेच लागते, रबराचे चालत नाही. बोल्टही एकेक करून पुरा आवळायचा नाही. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे, नाहीतर एका बाजूला फट राहते. पाईपावर गुंडाळलेल्या जुन्या दोरीला बाबांनी मला हात लावू दिला नाही. पूर्वी ती ॲस्बेस्टॉसची असायची, आणि त्याचे बारीक तंतू फुप्फुसात जातात.

मी विचारले, "बाबा, पॅकिंग गेल्या वर्षीच घातलं होतं ना?" बाबांनी पाईप हलवून दाखवला. तो डुगडुगत होता. वरचा धरून ठेवणारा लोखंडी पट्टाच तुटला होता! सगळे वजन सांध्यावर, त्यात इंजिनाची थरथर. नुसते पॅकिंग बदलले असते तर ते पुन्हा गेलेच असते. मग पट्टा नवा करून बसवला.

आता काकांचे डोके दुखत नाही. इंजिनखोलीचे झाकणही ते उघडे ठेवतात. आजी मात्र अजून दृष्ट काढतेच.